सातारा-सांगली परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्या : बालकांचे धर्मशिक्षण आणि प्रभुभोजनातील स्थान

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनांच्या कार्याविषयीचे बरेचसे लेखन शाळा, रुग्णालये, मुद्रणालये आणि धर्मांतराचे वाद या विषयांभोवती केंद्रित झालेले आहे. मिशनांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांचे आंतरिक जीवन, आणि त्यातही त्या मंडळ्यांमध्ये जन्मलेल्या मुलांचे स्थान, हा विषय त्यामानाने दुर्लक्षित राहिला. वास्तविक पाहता धर्मांतर हा एका पिढीचा निर्णय असतो. परंतु त्या निर्णयातून समाज निर्माण होतो किंवा नाही, हे दुसऱ्या पिढीवर अवलंबून असते. त्यामुळे नव्या मंडळीने आपल्या मुलांना काय शिकविले आणि कोणत्या टप्प्यावर आपल्यात पूर्णपणे सामावून घेतले, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

प्रॉटेस्टंट परंपरेत दोन विधींना संस्काराचे स्थान आहे : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. येशू ख्रिस्ताने शिष्यांसमवेत घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस यांचे एकत्र सेवन करणे म्हणजे प्रभुभोजन होय. सातारा आणि सांगली येथे काम करणारी दोन्ही अमेरिकन मिशने ख्रिस्ती आईबापांच्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या परंपरेतील होती. मात्र तेच मूल प्रभुभोजनास बसण्यास पात्र होई ते काही वर्षांनी, धर्मशिक्षण पूर्ण करून आणि आपला विश्वास मंडळीसमोर प्रकट करून. प्रस्तुत लेखात या मधल्या काळाचा विचार केला आहे. मराठी समाजात मुलाचा पंगतीतील वाटा जातीवर अवलंबून होता, समजुतीवर नव्हे. मिशनच्या मंडळीत तो जातीवर अवलंबून राहिला नाही, पण समजुतीवर अवलंबून राहिला. या अदलाबदलीचे परिणाम काय झाले, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

दोन मिशने, दोन राजवटी

आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पूर्वी एकसंध नव्हते. साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य १८४८ मध्ये दत्तकाचा वारसा नाकारून खालसा करण्यात आले आणि तो मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला. सांगली आणि मिरज ही मात्र पटवर्धन घराण्याची संस्थाने म्हणून स्वातंत्र्यापर्यंत टिकून होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

मिशनांची विभागणीही साधारणतः याच रेषेने झाली. सातारा आणि वाई हा भाग अमेरिकन मराठी मिशनकडे होता. १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू करणारे आणि १८३१ पासून अहमदनगर येथे स्थिरावलेले हे मिशन प्रामुख्याने काँग्रिगेशनल परंपरेचे होते. राज्य खालसा झाल्यानंतर लवकरच सातारा हे त्याचे स्वतंत्र ठाणे झाले. दक्षिणेकडे रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले मिशन १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे आले. १८८४ मध्ये सांगली आणि १८९२ मध्ये मिरज ही त्याची ठाणी झाली. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिरज येथील रुग्णालयामुळे या मिशनचे नाव सर्वदूर पोहोचले. सांगलीत मात्र मुलांची वसतिशाळा आणि तिला जोडलेले हस्तव्यवसायाचे शिक्षण हे त्याचे मुख्य काम होते.

या दोन परंपरांमध्ये सिद्धांताचे अंतर फारसे नव्हते, कारभाराचे होते. काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक मंडळी स्वायत्त असे आणि नव्या व्यक्तीस पूर्ण सभासदत्व देण्याचा निर्णय सर्व सभासद मिळून घेत. तेथे स्वतःच्या अंतःकरणातील पालटाची साक्ष देण्याला महत्त्व होते. प्रेस्बिटेरियन पद्धतीत हा अधिकार पाळक आणि निवडलेले वडील यांच्या मंडळाकडे असे आणि उमेदवाराचे ज्ञान व वर्तन यांची तपासणी होई. एका पद्धतीत मुलास ‘तुला काय अनुभव आला’ असे विचारले जाई, तर दुसरीत ‘तुला काय समजले’ असे. दोन्ही प्रश्न प्रौढ माणसाला शोभणारे होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

प्रश्नाची पाश्चात्त्य पार्श्वभूमी

बालकांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासून सर्वत्र होती असे नाही. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्यानंतर तान्ह्या मुलासही या भोजनाचा अंश देण्यात येतो. पश्चिम युरोपात मात्र मध्ययुगात ही चाल मागे पडली आणि १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने विवेकाच्या वयापासून प्रभुभोजन व पापनिवेदन यांचे बंधन घातले. पुढे १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी कॅथलिक मुलांसाठी हे वय साधारणतः सात वर्षे असल्याचे स्पष्ट केले.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी या विषयात शिक्षणाला मध्यवर्ती स्थान दिले. मार्टिन ल्यूथर यांची लहान प्रश्नोत्तरावली १५२९ मध्ये प्रसिद्ध झाली. जॉन कॅल्व्हिन यांनी बालबाप्तिस्म्याचे जोरदार समर्थन केले. मात्र करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील आत्मपरीक्षणाच्या उपदेशाचा आधार घेऊन, ज्यास स्वतःची परीक्षा करता येत नाही त्याने प्रभूच्या मेजाशी येऊ नये असे प्रतिपादन केले. १६४७ मध्ये तयार झालेली वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरावली १०७ प्रश्नांची आहे. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या धर्मशिक्षणाचा ती पाया ठरली. अमेरिकन प्रेस्बिटेरियनांच्या उपासनाविधीच्या नियमांत विवेकाचे वय नेमके किती हे ठरविता येत नाही, ते वडीलमंडळाने तारतम्याने पाहावे, अशी तरतूद होती.

न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल मंडळ्यांना हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावला. बाप्तिस्मा झालेली परंतु अंतःकरणाच्या पालटाची साक्ष न दिलेली पिढी मोठी झाली, तिला मुले झाली. त्या मुलांचे काय करावयाचे? १६६२ मध्ये ‘अर्धा करार’ म्हणून ओळखली जाणारी तडजोड झाली. त्यानुसार अशा आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळू शकत होता. पण आईबापांना प्रभुभोजन नव्हते. १८४७ मध्ये होरेस बुशनेल यांनी मात्र ख्रिस्ती घरातील मूल पहिल्यापासूनच ख्रिस्ती म्हणून वाढावे, त्याने आधी परके असल्याचे मानून मग पालटाची वाट पाहू नये, असा विचार मांडला. साताऱ्यात अमेरिकन मिशनचे ठाणे उभे राहिले ते याच सुमारास. म्हणजे मिशनरी सोबत घेऊन आले ते निर्विवाद उत्तर नव्हते; त्यांच्या स्वतःच्या देशात अजून न मिटलेला तो वाद होता.

मराठी समाज आणि सहभोजनाचा अर्थ

हा वाद ज्या समाजात येऊन पोहोचला तेथे भोजनाला आधीपासूनच निर्णायक अर्थ होता. कोण कोणाच्या पंगतीस बसतो यावरून जात ठरत असे, आणि परक्याच्या हातचे अन्न घेतल्याने ती जातही असे. १८४३ मधील श्रीपत शेषाद्री प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. मुंबईतील स्कॉटिश मिशनशी संबंध आलेला हा सुमारे बारा वर्षांचा ब्राह्मण मुलगा न्यायालयाच्या निर्णयाने वडिलांच्या स्वाधीन करण्यात आला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परंतु मिशनऱ्यांकडे त्याने अन्न घेतले होते, आणि वादाचे मूळ तेच होते. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत परत घेण्याचा पुरस्कार केला, तेव्हा सनातनी मंडळींनी त्यांना तीव्र विरोध केला. मुलाला धर्मतत्त्वे समजली होती काय, हा प्रश्न या वादात गौण होता. ते कोठे जेवले, हा मुख्य होता.

मराठी धार्मिक जीवनात मुलाचा वाटा मात्र त्याच्या समजुतीवर कधी ठरविला गेला नाही. देवाचा प्रसाद तान्ह्या मुलाच्या ओठालाही लावतात. वारकरी सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि काल्याचा घास घेण्यासाठी मुलास अभंगाचा अर्थ सांगावा लागत नाही. तेथे बंधन होते ते जातीचे : संत चोखामेळ्यासारख्या भक्तासही मंदिराबाहेरच राहावे लागले, ही आठवण या परंपरेनेच जपली आहे. औपचारिक धर्माध्ययनाचे दार मुंजीने उघडे. पण तेही त्रैवर्णिकांच्या मुलग्यांपुरतेच.

सातारा-सांगली भागातील मंडळ्यांमध्ये आलेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजातील होते, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपणातील काही शिक्षण साताऱ्यातच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी तेथील सरकारी हायस्कुलात प्रवेश घेतला. वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ज्या गावात मुलाला पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, त्याच गावात एकाच भाकरीचे तुकडे करून सर्वांनी खाण्याचा विधी चालत होता. आणि तरीही त्या मंडळीतील मुलांनी, वेगळ्या कारणासाठी का होईना, तो दुरूनच पाहावयाचा होता.

पाटीकडून मेजाकडे : धर्मशिक्षणाची व्यवस्था

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्यामधील ही वर्षे शिक्षणाने भरून काढण्यात आली. धर्मशिक्षणाची ही व्यवस्था साधारणतः चार अंगांची होती.

पहिले अंग घरचे. रोजची कौटुंबिक प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा यांचे पाठांतर ही आईबापांची जबाबदारी मानली जाई. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप जे वचन देत, त्याचाच हा भाग होता. दुसरे अंग प्रश्नोत्तरावलीचे. प्रश्न विचारावयाचा, ठरलेले उत्तर मुखोद्गत करावयाचे, ही पद्धत मराठी मुलाला अगदीच अपरिचित नव्हती. पंतोजींच्या शाळेत परवचाही अशीच म्हटली जाई. तिसरे अंग शब्बाथ शाळेचे. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे सुरू केलेल्या रविवारच्या शाळेची कल्पना भारतात मिशनांबरोबर आली आणि १८७६ मध्ये अखिल भारतीय पातळीवर शब्बाथ शाळांचा संघ स्थापन झाला. या शाळेत ख्रिस्ती घरांतील मुलांबरोबर इतर मुलेही येत असल्याने ती मंडळीचे अंगण ठरली : आत येण्यापूर्वीची, पण बाहेरचीही नसलेली जागा.

चौथे अंग मुद्रित साहित्याचे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू केले होते. १८७३ मध्ये त्याच मिशनने खास मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. मराठी बालनियतकालिकांच्या इतिहासात त्याची दखल घेतली जाते ती त्याच्या दीर्घायुष्यामुळे आणि सुबोध भाषेमुळे. धर्मशिक्षणाच्या दृष्टीने त्याचे वेगळेपण असे की, प्रश्नोत्तरावली मुलाला छोटा प्रौढ समजून बोलत होती, तर या मासिकाने मुलाला मूल म्हणून वाचक मानले.

वाचता येणे ही प्रभुभोजनाची अट नव्हती. निरक्षर प्रौढांनाही तोंडी शिकवून घेतले जात असे. तथापि पवित्र शास्त्र स्वतः वाचावे या प्रॉटेस्टंट आग्रहामुळे मेजाकडे जाणारी मुलांची वाट व्यवहारात पाटीवरून जाऊ लागली. त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. प्रश्नोत्तरावलीत मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. महाराच्या मुलीला आणि ब्राह्मण धर्मांतरिताच्या मुलाला तेच प्रश्न आणि तीच उत्तरे. मुंजीचे दार ज्यांना कधीच उघडले नसते, अशा मुलामुलींना धर्मग्रंथ वाचण्याचा आणि त्याविषयी चारचौघांत उभे राहून बोलण्याचा अधिकार या चाळणीने दिला. ज्या अटीने मुलाला मेजापासून दूर ठेवले, त्याच अटीने त्याला शाळेत पाठविले. या व्यवस्थेचे मूल्यमापन करताना तिच्या या दोन्ही बाजू एकत्रच पाहाव्या लागतात.

वसतिगृहाची पंगत

विधीतील भोजनापासून दूर असलेल्या मुलाला सहभोजनाचा अनुभव मात्र दुसरीकडे मिळत होता. १८७६ ते १८७८ आणि १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांनी दख्खनमधील असंख्य मुले पोरकी केली आणि मिशनांच्या वसतिशाळा व अनाथगृहांचा विस्तार झाला. सांगलीसारख्या वसतिशाळेत वेगवेगळ्या जातींतून आलेल्या घरांची मुले एका ओळीत बसून एकाच चुलीवरचे अन्न खात. त्याला कोणी संस्कार म्हटले नाही. तो दिनक्रम होता. परंतु जातीने विभागलेल्या समाजात ‘आपण एक आहोत’ ही जाणीव मुलांच्या मनात रुजविण्याचे काम रोजच्या या पंगतीने अधिक केले असावे, असे म्हणण्यास जागा आहे.

याच परिसरात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केलेल्या प्रयोगाशी याची तुलना उद्बोधक ठरते. सांगलीजवळील दुधगाव येथील विद्यार्थी आश्रमाच्या कामानंतर त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्यास भेट दिली व त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. भाऊरावांची प्रेरणा सत्यशोधकी होती, मिशनची नव्हे. तरीही मुलांना प्रथम एकत्र जेवू घालावे, समता त्यांना त्यातूनच कळेल, हा त्यांच्या प्रयोगाचा गाभा होता. समजुतीच्या आधी सहभाग, हा क्रम भाऊरावांनी वसतिगृहात उघडपणे स्वीकारला. मिशननेही तो आपल्या वसतिगृहात पाळला. मंदिरात मात्र पाळला नाही.

साताऱ्यातील ‘देवाचा दरबार’

मंडळीच्या सीमारेषेविषयी साताऱ्यातच आणखी एका दिशेने विचार झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ असावा, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग अल्पजीवी ठरला. टिळकांचा रोख प्रौढ जिज्ञासूंकडे होता, मुलांच्या प्रभुभोजनाकडे नव्हता, हे खरे. परंतु विधीची पायरी ओलांडण्यापूर्वीही माणूस ख्रिस्ताच्या परिवारात असू शकतो, हा त्यामागील विचार मुलांनाही लागू पडणारा आहे. फुलामुलांचे कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या टिळकांनी भजन व अभंग या रूपांना मराठी ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. त्यांच्या पदांमुळे मूल उपासनेत प्रेक्षक न राहता गाणारे झाले. प्रभुभोजनात जो सहभाग अद्याप नव्हता, तो काही अंशी गायनातून मिळाला.

एकीकरण आणि पुनर्विचार

१९२४ मध्ये उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाने एकत्र आल्या. सातारा आणि सांगली यांच्या मधली मिशनची जुनी रेषा त्यामुळे पुसट झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा मंडळ्यांच्या या एकीकरणात बालबाप्तिस्मा देणाऱ्या आणि केवळ विश्वास प्रकट करणाऱ्या प्रौढांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या, अशा दोन्ही परंपरा होत्या. दोन्ही प्रथांना पर्याय म्हणून मान्यता देण्यात आली. बाप्तिस्म्याच्या वयाबाबत असा समन्वय साधणे शक्य झाले, ही घटना बालकांच्या प्रभुभोजनाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

याच काळात जागतिक पातळीवर जुन्या भूमिकेचा फेरविचार सुरू झाला होता. १९७० च्या दशकात अमेरिकेतील प्रेस्बिटेरियनांनी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना प्रभुभोजनाचे दार उघडले. म्हणजे सांगलीच्या मंडळ्यांनी ज्यांच्याकडून नियम घेतला त्यांनीच तो बदलला. १९८० मध्ये जर्मनीतील बाड झेगेबर्ग येथे जागतिक मंडळी परिषदेने या एकाच विषयावर विचारविनिमय घडवून आणला. १९८२ च्या लिमा मसुद्यात, बाप्तिस्म्याने मूल ख्रिस्ताच्या देहाचा अवयव होत असेल तर त्याला भोजनापासून दूर ठेवणाऱ्या मंडळ्यांनी बाप्तिस्म्याचे परिणाम पूर्णपणे स्वीकारले आहेत काय याचा विचार करावा, असे सुचविण्यात आले. करिंथ येथील ज्या उताऱ्यावर कॅल्व्हिन यांनी भर दिला त्याचेही नवे वाचन पुढे आले. त्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, त्याबद्दल पौलाने ही कानउघाडणी केली होती. म्हणून ‘देह ओळखणे’ म्हणजे सिद्धांत जाणणे नव्हे, तर पंगतीतील दुसऱ्याला आपला मानणे होय, असा हा अर्थ आहे. जातिभेदाचा अनुभव असलेल्या मराठी मंडळीला हा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही.

समारोप

या विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. सातारा-सांगली परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी प्रभुभोजनाच्या मेजाभोवतीची जातीची भिंत तत्त्वतः दूर केली आणि तिच्या जागी शिक्षणाची पायरी ठेवली. भिंत जन्माने ठरत होती. पायरी प्रयत्नाने चढता येत होती, हा फरक लहान नव्हे. या पायरीमुळेच वंचित समाजातील मुलामुलींच्या हाती पुस्तक आले. मात्र त्याबरोबर मुलाचे आपलेपण पुढे ढकलले गेले. त्याच्या कपाळावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले होते. परंतु भाकरीचे ताट रांगेतून पुढे जाताना त्याच्यापाशी थांबत नव्हते.

मुलांनी ही उणीव आपापल्या परीने भरून काढली : शब्बाथ शाळेत, ‘बालबोधमेव्या’च्या पानांत, गायनात आणि वसतिगृहाच्या ओळीत. पुनर्विचाराची प्रेरणा पश्चिमेकडून आली असली तरी त्यास लागणारी सामग्री याच मातीत आधीपासून होती. काल्याचा घास, वसतिशाळेची पंगत आणि भाऊरावांचे वसतिगृह या तिन्ही ठिकाणी मूल आधी जेवले आणि त्याचा अर्थ त्याला नंतर कळला. धर्मशिक्षण हे मेजापर्यंत पोहोचण्याची परीक्षा असावे, की मेजाशी बसलेल्या मुलाला त्या भोजनाचा अर्थ उलगडून दाखविणारे असावे, हा प्रश्न आज मंडळ्यांसमोर आहे. त्याचे उत्तर शोधताना ग्रंथांइतकेच या परिसरातील पंगतींच्या इतिहासाकडेही पाहावे लागेल.